९९.९२ टक्के शुद्ध तांबं, तरी कंडक्टिव्हिटी ८२? कुणी समजावेल का

भोसरीचा_लेथवाला
मंडळी नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), एक पॉवर प्रेस, माणसं मला धरून सहा. विजेची पॅनेलं बनवणाऱ्या एका कस्टमरची ऑर्डर आली, २५ बाय ५ मिमीच्या तांब्याच्या पट्टीचे तुकडे कापायचे, भोकं पाडायची, वाकवून द्यायचे. ड्रॉइंगवर लिहिलेलं हाय कंडक्टिव्हिटी कॉपर, म्हणजे वीज चांगली नेणारं तांबं, मिनिमम १०० टक्के आयएसीएस (कंडक्टिव्हिटीचं माप). मी नेहमीच्या दुकानदाराकडून पट्टी उचलली, त्यानं टेस्ट सर्टिफिकेटपण दिलं, त्यावर कॉपर ९९.९२. म्हटलं झालं काम. १४० किलो मालापैकी ११० किलो कापून, वाकवून, बर (कडेची धारदार कोर) काढून, चकाचक करून पाठवला.

तिथल्या क्वालिटीच्या पोरानं एक यंत्र आणलं, त्याला पेनासारखा प्रोब, तो पट्टीला नुसता टेकवला. ८२. दुसरी घेतली, ८१. तिसरी ८२. सगळ्या क्रेटला लाल टॅग आणि गाडी परत माझ्या दारात.

दुकानदार म्हणतो तांबं ते तांबंच, यंत्र खराब असेल. पोरगा म्हणतो यंत्र कालच कॅलिब्रेट करून आलंय. ९९.९२ टक्के तांबं असताना कंडक्टिव्हिटीतले १८ टक्के गेले कुठं? आणि आता या ११० किलोचं करायचं काय?

गोटू_गणपुले
८२ म्हणजे डिस्टिंक्शन आहे की हो. आमच्या वेळी पेढे वाटले असते.

नाशिकचा_पॅनेलवाला
लेथवाले, सर्टिफिकेट परत हातात घ्या आणि कॉपरच्या खालच्या ओळी वाचा. फॉस्फरस किती लिहिलाय?

यंत्र खराब असायची शक्यता कमी आहे. ते एडी करंटवर (प्रोबनं धातूत उठवलेल्या भोवऱ्यासारख्या करंटवर) चालतं, वापरण्याआधी सोबतच्या ठोकळ्यांवर लावून बघतात. ऊन लागलेल्या गरम पट्टीवर धरलं तर आकडा कमी येतो, पण तो फार तर पाच-सहा टक्क्यांनी. आणि कडक ओढलेली पट्टी असेल तर मऊ पट्टीपेक्षा दोन-तीन टक्के कमी दाखवते. हे दोन्ही धरूनसुद्धा ८२ येत नाही.

भोसरीचा_लेथवाला
बघितलं. फॉस्फरस ०.०२६. अहो पण हे तर काहीच नाही, १०० किलोत २६ ग्रॅम! एवढ्यानं काय होतंय?

तार_ओढणारी
एवढ्यानंच होतं. दादा, तुम्हाला डीएचपी तांबं मिळालंय.

मी बारा वर्षं वायर ड्रॉइंगमध्ये आहे म्हणून जरा लांबण लावते. बाजारात साधारण तीन प्रकारचं 'शुद्ध' तांबं फिरतं. एक ईटीपी, कॅथोड वितळवून ओतलेलं, तांबं किमान ९९.९० आणि आत दोनशे ते चारशे पीपीएम (दहा लाखात इतके भाग) ऑक्सिजन. वायर, बसबार (पॅनेलमध्ये वीज नेणारी पट्टी), सगळं विजेचं काम बहुतेक यातच. दुसरं ऑक्सिजन फ्री, ९९.९५ आणि त्याची वरची ग्रेड ९९.९९, महाग. तिसरं हे डीएचपी, यात ऑक्सिजन काढायला मुद्दाम फॉस्फरस घालतात आणि तो ०.०१५ ते ०.०४० टक्के मागे उरू देतात. एसीचे पाइप, गॅसचे पाइप, प्लंबिंग, हे सगळं यात. याची कंडक्टिव्हिटी ७५ ते ९० च्या मध्ये कुठंतरी येते, म्हणजे तुमचे ८२ अगदी बरोब्बर. आणि तांब्याचा टक्का डीएचपीलाही किमान ९९.९० च मागतात! म्हणून सर्टिफिकेट खरंय, यंत्रही खरंय, दुकानदारानं फसवलंय असंही नाही, त्याला फक्त माहीत नाही.

ऐकायला उलटं वाटेल, पण ईटीपीमधला ऑक्सिजन घाण म्हणून राहिलेला नसतो, आम्ही तो ठेवतो. लोखंडाबिखंडाचे जे कण तांब्यात आलेले असतात त्यांना तो ऑक्साइड करून धरून ठेवतो, त्यानं कंडक्टिव्हिटी वाढते.

कोल्हापुरी_रस्सा
म्हणजे चारशे पीपीएम ऑक्सिजन चालतो आणि २६० पीपीएम फॉस्फरस चालत नाही? हे कुठलं गणित?

धातुविद्या_मास्तर
रस्साभाऊ, प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर तुमच्याच खात्यातलं आहे. भातात दोन खडे निघाले तर दाताखाली येतील तेव्हा शिवी निघेल, पण बाकी भात भातच राहतो. तेवढंच मीठ जास्त पडलं तर शितनशीत खारट. ऑक्सिजन घन तांब्यात जवळपास विरघळतच नाही, तो क्युप्रस ऑक्साइडचे वेगळे कण होऊन बसतो, म्हणजे खडे. इलेक्ट्रॉन बाजूनं निघून जातात. फॉस्फरस तांब्याच्या जाळीत अणू-अणूनं विरघळतो, म्हणजे मीठ. जागोजागी जाळी विस्कटते आणि इलेक्ट्रॉन धडकत राहतात. लोखंड, सिलिकॉन, आर्सेनिक ही मंडळीही विरघळली की अशीच त्रास देतात. चांदी मात्र विरघळूनही फारसं बिघडवत नाही. म्हणून मोटरच्या कम्युटेटरला थोडी चांदी घातलेलं तांबं वापरतात, कंडक्टिव्हिटी जवळपास तशीच राहते आणि गरम होऊन मऊ पडायचं तापमान वर जातं.

गोटू_गणपुले
मास्तर शिकवायला असते तर मी मेटलर्जीत नापास झालो नसतो. भूक लागली पण.

सुमेधा_क
वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका, हे १०० टक्के म्हणजे कशाचे शंभर? कारण नवऱ्याच्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये १०१ टक्के लिहिलेलं वाचलंय, मला वाटलं मार्केटिंगवाल्यांची थाप.

धातुविद्या_मास्तर
थाप नाही. आयएसीएस हे प्रमाण १९१३ साली ठरलं, त्या वेळचं चांगलं अ‍ॅनील केलेलं (तापवून मऊ केलेलं) तांबं घेऊन. २० डिग्रीला एक मीटर लांब, एक चौरस मिमी तारेचा रोध ०.०१७२४१ ओहम म्हणजे १०० टक्के. नंतर शुद्धीकरण सुधारलं आणि आजचं चांगलं तांबं आरामात १०१ च्या आसपास जातं. चांदी १०५-१०६, सोनं सत्तरीत, वायरचं अ‍ॅल्युमिनियम ६१, पितळ अठ्ठाविसाच्या आसपास.

त्याआधीची गोष्ट अजून मजेची आहे. अटलांटिकखालून पहिली तार टाकायच्या वेळी, १८५७ च्या सुमाराला, विल्यम थॉमसनने (हेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन) तांब्याच्या तारांचे नमुने मोजले तर नमुन्यानमुन्यात प्रचंड फरक. दिसायला सगळी तांबडीच! तोवर तांबं घेताना कंडक्टिव्हिटी मोजून घ्यायची हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. थोडक्यात लेथवाल्यांचा दुकानदार १८५६ सालात आहे.

मोटर_मिस्त्री
दुकानदारांचं सोडा, आमच्याकडं तर तांबंच नसतंय. फलटणजवळ माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे. उसाला पाणी द्यायच्या दिवसात व्होल्टेज पडतंय, मोटरी जळतात, दिवसाला चार-पाच येतात. गिऱ्हाईक छाती ठोकून सांगतंय की कॉपर वायंडिंगची मोटर घेतली, बिल पण दाखवतंय. मी स्लॉटमधनं एक तार ओढतो, ब्लेडनं इनॅमल खरवडतो, आत पांढरी फटक. इनॅमलचा रंग दोन्हींना सारखाच असतो, वरनं कायबी कळत नाही. बारीक तार असली तर लायटर धरायचा, अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतंय, गोळी होऊन गळतंय. तांबं नुसतं काळं पडतंय.

आणि एक, कॉइल हातात घेतली की वजनानंच कळतंय. तीस वर्षं झाली, हाताला काटा बसलाय.

नाशिकचा_पॅनेलवाला
मिस्त्री, तुमचं बरोबर, पण अ‍ॅल्युमिनियमला सरसकट डुप्लिकेट म्हणू नका. वजन बघितलं तर ते तांब्याच्या तीस टक्के आणि कंडक्टिव्हिटी ६१ टक्के, म्हणजे किलोमागे ते तांब्याच्या दुप्पट वीज नेतं. म्हणून टॉवरवरच्या लाइनी अ‍ॅल्युमिनियमच्या, आत स्टील. आपल्या गावातले कितीतरी डीपी (ट्रान्सफॉर्मर) सुद्धा अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि नीट चालतात. जागा जिथं महाग तिथं तांबं. मोटरचा स्लॉट आहे तेवढाच असतो, त्यात ६१ टक्केवाली तार त्याच जाडीची भरली तर ती तापणारच. पॅनेलमध्येही तेच, अ‍ॅल्युमिनियमचा बसबार घेतला तर जाडी वाढवा, कॅबिनेट वाढवा.

खरी डोकेदुखी जॉइंटची. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच चढतो, शिवाय बोल्टखाली ते हळूहळू दबत जातं, जॉइंट ढिला, मग गरम, मग अजून ढिला. तांब्याला थेट जोडलं आणि दमट हवा असली की गंज वेगळाच. त्यासाठी बायमेटल लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम असलेले जोड) येतात, दहातले आठ वायरमन ते वापरत नाहीत.

मोटर_मिस्त्री
डुप्लिकेट म्हणलं नाही मालक. अ‍ॅल्युमिनियम म्हणून इका की. तांब्याच्या भावात नका इकू.

जुना_जाणता
+१ मिस्त्रींना.

हातोडी
जरा अवांतर. आजोळ माझं पुण्याच्या तांबट आळीतलं. मामा हंडे, बंब घडवायचे, मठाराचं (हातोडीनं ठोके उमटवायचं) काम त्यांचं बघत राहावं असं. पत्रा ठोकून ठोकून कडक झाला की हातोडीचा आवाज बदलायचा, मग तो लाल करायचा आणि सरळ पाण्यात. पोलादाला असं केलं तर ते कडक होतं, तांबं मऊ होतं. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, मामांनी दाखवलं. आता प्रश्न असा की आमच्या घरातल्या बंबाची कंडक्टिव्हिटी किती असेल?

गोटू_गणपुले
बंबाचं माहीत नाही, पण त्याला चिकटलेल्या माझ्या बोटाला उष्णता फार उत्तम वाहून आली होती, इयत्ता तिसरी.

धातुविद्या_मास्तर
गोटू, चेष्टेत बरोबर बोललात. धातूत उष्णताही मुख्यतः त्याच इलेक्ट्रॉनांवर बसून जाते, म्हणून जे तांबं वीज चांगली नेतं तेच उष्णताही चांगली नेतं. फॉस्फरसनं एक बिघडलं की दुसरंही बिघडतं.

चाकणचा_वेल्डर
मग आमच्या स्पॉट वेल्डिंगच्या टिपा? त्या क्रोमियम झिरकोनियम कॉपरच्या असतात, क्रोमियम जवळजवळ टक्काभर, तरी कंडक्टिव्हिटी ८० च्या आसपास लिहिलेली असते. इथं फॉस्फरसच्या चिमटीनं ८२ आणि तिथं टक्काभर क्रोमियम घालून ८०? मास्तर, तुमचा भात इथं करपला.

धातुविद्या_मास्तर
करपत नाही, थांबा. ती टिप आधी हजार डिग्रीच्या आसपास तापवून पाण्यात टाकतात. त्या क्षणी क्रोमियम विरघळलेलं असतं, कंडक्टिव्हिटी निम्म्याच्याही खाली असते, भात खारट. मग साडेचारशे-पावणेपाचशे डिग्रीला काही तास ठेवतात. तेव्हा क्रोमियम जाळीतून बाहेर पडून बारीक-बारीक कण होऊन बसतं. म्हणजे मिठाचे परत खडे केले! कंडक्टिव्हिटी वर येते आणि त्याच खड्यांमुळे धातू कडकही होतो. शुद्ध तांब्याची टिप लावलीत तर वीज छान जाईल, पण गरमीत आणि दाबाखाली तिचं डोकं शंभर ठोक्यांत मशरूमसारखं पसरेल.

चाकणचा_वेल्डर
पसरतं हो, एकदा स्टोअरवाल्यानं लेथवर साध्या तांब्याच्या करून दिल्या होत्या. एक शिफ्टसुद्धा टिकल्या नाहीत. दंडवत घ्या.

व्हॅक्यूमवाली
डीएचपीवर सगळे तुटून पडलेत म्हणून त्याच्या बाजूनं लिहिते. पहिल्या नोकरीत मी हायड्रोजन फर्नेसमध्ये ब्रेझिंग (दुसरा धातू वितळवून जोडकाम) करायचे. एकदा ऑक्सिजन फ्रीऐवजी चुकून ईटीपीची रिंग गेली. बाहेर आली तेव्हा इतकी सुंदर चमकत होती की मी टेबलावर ठेवून फोटो काढला. मग लीक टेस्टला लावायला क्लॅम्प आवळला आणि रिंग बिस्किटासारखी तुटली. तुटलेल्या तोंडावर बारीक बारीक भोकं.

झालं असं की हायड्रोजन तांब्यात शिरतो, आतल्या क्युप्रस ऑक्साइडमधला ऑक्सिजन घेतो आणि वाफ तयार होते. वाफेला बाहेर पडता येत नाही, ती आतूनच कणाकणाच्या सीमा फाडते. गॅसच्या पिवळ्या ज्योतीनं ईटीपी ब्रेझ केलं तरी हाच धोका. फॉस्फरसवाल्या तांब्यात तो ऑक्सिजनच नसतो, म्हणून एसीवाला बिनधास्त टॉर्च मारतो. जिथं वीजही हवी आणि ब्रेझिंगही, तिथं ऑक्सिजन फ्री. घरातल्या मायक्रोवेव्हमधल्या मॅग्नेट्रॉनचा अ‍ॅनोड त्याचा असतो.

कोल्हापुरी_रस्सा
आणि स्पीकरची वायर? माझ्या मेहुण्यानं ऑक्सिजन फ्री म्हणून मीटरला सातशे रुपये मोजलेत. म्हणतो तबला 'मोकळा' वाजतो.

तार_ओढणारी
ईटीपी आणि ऑक्सिजन फ्री यांच्या कंडक्टिव्हिटीत एखाद-दोन टक्क्याचा फरक. त्याऐवजी साधी तार एक साइज जाड घ्यायची. पण मेहुणा आहे म्हणता, तर बोलू नका.

नॉक्सव्हिलकर
चांदी १०५ वाचून राहवेना. मी राहतो तिथून ओक रिज अर्ध्या तासावर आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथं युरेनियम वेगळं करायला प्रचंड विद्युतचुंबक लागणार होते आणि तांबं तर सगळं तोफगोळ्यांच्या पितळेत चाललेलं. मग अमेरिकी ट्रेझरीकडून चांदी उसनी घेतली, जवळजवळ १४,७०० अमेरिकी टन, आणि तिच्या पट्ट्या करून वायंडिंग केलं! ड्रिल मारताना खाली कागद अंथरायचे, कीस गोळा करायचे. युद्धानंतर हळूहळू परत केली, शेवटची १९७० मध्ये. हिशोबात तूट अगदी किरकोळ.

भंगार_किंग
आणि इथं डीपीतलं तांबं रात्रीत गायब होतंय, तूट शंभर टक्के.

लेथवाले, तुमच्या ११० किलोबद्दल कामाचं सांगतो. तो माल मिलबेरीत घालून विकायचा प्रयत्न करू नका. मिलबेरी म्हणजे चकचकीत नागडी तार, ती परत वायर रॉडला जाते आणि तिथं फॉस्फरस आला तर अख्खा हीट (भट्टीतला एक घाणा) खराब होतो, पार्टी पुन्हा दारात उभी करणार नाही. डीएचपी आहे असं सांगूनच विका. पितळवाले, पाइपवाले घेतात, त्यांना फॉस्फरसचं काही पडलेलं नसतं.

तार_ओढणारी
भंगार_किंग यांना शंभर मार्क. असा मिसळलेला माल भट्टीत गेला की पुढं माझ्याकडं येतो. ८ मिमीच्या रॉडपासून केसाएवढी तार ओढताना आत काय आहे ते डाय बरोबर सांगते. बिस्मथ, शिसं तर काही पीपीएम असलं तरी तार तटातट तुटते, आणि तुटलेली तार पुन्हा ओवायला रात्री अडीच वाजता मी असते.

धातुविद्या_मास्तर
लेथवाले, न कापलेली एखादी लांब पट्टी उरली असेल तर शेडमध्येच मोजून बघा, लाखाचं यंत्र नको. रेक्टिफायर वेल्डिंग सेटवरून १०० अँपिअर डीसी सोडा, क्लॅम्प मीटरनं खात्री करा. करंटचे क्लॅम्प पट्टीच्या टोकांना, आणि मल्टिमीटरच्या सुया आतल्या बाजूला बरोबर एक मीटर अंतरावर. सुया करंटच्या क्लॅम्पवर टेकवू नका, नाहीतर जॉइंटचा रोध मोजाल. २५ बाय ५ म्हणजे १२५ चौरस मिमी, चांगल्या तांब्याला २० डिग्रीत १३.८ मिलिव्होल्ट यायला हवेत. आता उन्हाळा आहे, ३५ डिग्रीला १४.६ धरा. तुमच्या डीएचपीला त्याच तापमानात साडेसतराच्या पुढे. झटपट वाचा, पट्टी तापू देऊ नका.

भोसरीचा_लेथवाला
मास्तर, काल रात्री केलं! शेडमध्ये ३५ डिग्री. डीएचपीची पट्टी १७.५. मागच्या वर्षीच्या दुसऱ्या ऑर्डरमधला बसबारचा तुकडा रॅकवर पडला होता, तीच साइज, तो लावला, १४.७. आम्ही सहाही जण मीटरकडं बघत उभे. लेथवरचा पोरगा म्हणाला शेठ, दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या तर रंगात पण फरक नाही.

तुमचे आकडे कागदावर लिहून दुकानदारासमोर ठेवले. न कापलेली ३० किलो त्यानं परत घेतली, चहा पाजला, पण कापलेल्याला हात लावला नाही. ती किंगसाहेबांच्या सल्ल्यानं डीएचपी सांगूनच एका पाइपवाल्याला दिली. मजुरी आणि भावातला फरक गेला तो गेलाच.

नाशिकचा_पॅनेलवाला
आता नवीन पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) नुसतं 'कॉपर' किंवा '९९.९' लिहू नका. ईटीपी ग्रेड, अ‍ॅनील्ड, कंडक्टिव्हिटी किमान १०० टक्के, फॉस्फरस रिपोर्ट करणे, एवढं लिहा. आणि कस्टमरला विचारून घ्या, वाकवल्यावर मोजणार की आधी. बेंडवर धातू कडक होतो, तिथं प्रोब टेकवला तर उगीच वाद.

भोसरीचा_लेथवाला
तसंच केलं. पंधरा दिवसांनी परत येतोय, उशिराबद्दल माफी. नवीन पट्टी आली, यावेळी पाठवायच्या आधी एक तुकडा घेऊन मीच कस्टमरच्या गेटवर गेलो. पोरानं प्रोब टेकवला, १००.६. त्यानं परत टेकवला, १००.६. मग माझ्याकडं बघून म्हणाला, काका, फॉस्फरस किती आहे यात?

गोटू_गणपुले
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पोरगं पण हा धागा वाचतंय बहुतेक.

सुमेधा_क
ते पेनवालं यंत्र भाड्यानं मिळतं का कुठं? नवऱ्याचे १०१ तपासायचेत.